रांगोळी उडाली: स्टॅकच्या कॉन्टॅक्ट थराच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

पाच फ्युएल सेलचा स्टॅक आज उघडला. तिसऱ्यांदा गार करून पुन्हा ८०० अंशांवर नेला, तेव्हाच दोन आणि चार नंबरच्या सेलनी मान टाकली होती. ४० अँपिअरला दोघांचं व्होल्टेज सव्वाशे मिलिव्होल्टनी खाली. करंट शून्य केला की मात्र पाचही सेल १.०९ व्होल्टच्या आसपास, अगदी एका रेषेत. म्हणजे सेलला तडा नाही, गॅसगळतीही नाही. इम्पीडन्सच्या, म्हणजे बदलत्या करंटला होणाऱ्या विरोधाच्या, आलेखात कमानींचा आकार जसाच्या तसा, फक्त सगळा आलेख उजवीकडे सरकलेला. निव्वळ रोध वाढलाय.

सर म्हणाले, "सेल गेले, नवे मागवू." म्हटलं, आधी उघडून तर बघू.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल म्हणजे सिरॅमिकची पातळ चकती, एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला हवा. चकत्या एकावर एक रचायच्या आणि प्रत्येक दोघींमध्ये स्टीलची प्लेट घालायची, ती इंटरकनेक्ट. प्लेटवर उसाच्या शेतासारखे सरी-वरंबे असतात. सरीतून हवा वाहते, वरंब्यातून करंट. वरंबा आणि सेल यांच्यामध्ये जी पेस्ट लावतात तो कॉन्टॅक्ट थर. जाडी केसाएवढी. प्रकल्पाच्या अहवालात त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात.

दोन नंबरची प्लेट उचलली. उचलायला जोर लागला नाही, तिथेच शंका आली. आमची पेस्ट लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटची, बोलताना एलएसएम. वरंब्यावर बोट फिरवलं तर काळी पूड बोटाला लागली. फुंकर मारली तर उडून टेबलावर पडली. रांगोळी. सेलच्या बाजूला वरंब्यांचे ठसेसुद्धा सलग नाहीत, मध्येच तुटलेले.

सेल धडधाकट आहेत. नवे मागवायचे नाहीत.

११ जून, मंगळवार

सकाळचा हिशेब, चहा होईपर्यंत.

एलएसएमची वाहकता ८०० अंशांना साधारण १५० सीमेन्स प्रति सेंटीमीटर, तीही घट्ट भाजलेल्या तुकड्याची. आमची पेस्ट सच्छिद्र, म्हणून दहावा हिस्सा धरला, १५. थर ५० मायक्रॉनचा. एक चौरस सेंटीमीटरला रोध येतो ०.३३ मिलिओम. आमचे हरवलेले सव्वाशे मिलिव्होल्ट म्हणजे, दर चौरस सेंटीमीटरला अर्धा अँपिअर धरून, २५० मिलिओम. सातशे पटींहून जास्त तफावत!

म्हणजे उद्या याच्या दहापट वाहक पेस्ट आणली तरी वाचणार ते अर्धा मिलिओमसुद्धा नाही. वर्षभर आम्ही सामानाच्या यादीत वाहकतेचा रकाना बघून पेस्ट निवडत होतो. त्या रकान्याचा इथे काही संबंधच नव्हता.

स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा थर चढतो तो मात्र खरा हिशेबात धरण्यासारखा. त्याची वाहकता ०.०१ च्या घरात, म्हणजे एका मायक्रॉनला १० मिलिओम. हा थर वेळेच्या वर्गमुळाने वाढतो. १,००० तासांत एक मायक्रॉन झाला तर ४०,००० तासांत सव्वासहा, म्हणजे ६३ मिलिओम. ४०,००० तास म्हणजे साडेचार वर्षं, स्टॅक विकायचा तर गिऱ्हाईक एवढं मागणारच. पण आमचा स्टॅक तर चारशे तासांचाही नव्हता. तेव्हा हा गुन्हा ऑक्साइडचा नाही. प्लेट आणि सेल एकमेकांना नीट टेकतच नव्हते, एवढाच अर्थ निघतो.

एलएसएमच्या कणांनी एकमेकांना धरायचं तर ११००-१२०० अंश लागतात. आमच्या काचेच्या सीलला आणि स्टीलला ९०० च्या पुढे नेता येत नाही. मग पेस्ट कच्चीच राहते. आंबोळी उलटायच्या आधी तव्यावरून काढली तर जे होईल ते.

१६ जून, रविवार

(भोसरीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारी काम. घरच्यांना हे अजून पटलेलं नाही.)

स्टॅकवर प्रयोग करत बसलो तर दिवाळे निघेल, म्हणून सँडविच बांधलं. वर-खाली ४४१ जातीच्या स्टीलचे दोन सेंटीमीटरचे चौकोन, त्यांवर मँगनीज-कोबाल्टचं कोटिंग. मध्ये एक चौरस सेंटीमीटरची एलएसएमची घट्ट भाजलेली गोळी. दोन्ही बाजूंना जी तपासायची ती पेस्ट. आलेल्या रोधाचं निम्मं म्हणजे एका सांध्याचा रोध.

चार प्लॅटिनमच्या तारा. दोन करंटला, दोन फक्त व्होल्टेज मोजायला. इंटर्नने विचारलं, दोन का पुरत नाहीत? करंटवाहू तारेचा स्वतःचा रोध आमच्या सांध्यापेक्षा कितीतरी जास्त. दोनच तारा लावल्या तर सांधा नाही, तार मोजली जाईल.

वजनासाठी भट्टीच्या झाकणातून ॲल्युमिनाची कांडी आत सोडली आणि वर फर्नेसवाल्या काकांनी घरून आणलेलं किराणा दुकानातलं जुनं एक किलोचं माप ठेवलं. चौरस सेंटीमीटरला एक किलो. "ताई, सरकारी शिक्का आहे याच्यावर," काका म्हणाले. आमच्या अख्ख्या रिगवर कॅलिब्रेशनचा पुरावा असलेली तेवढी एकच वस्तू.

२१ जून, शुक्रवार

चांदीची पेस्ट. पहिल्याच तासात ६ मिलिओम आणि काटा हलेना. गार केलं, तापवलं, तरी ६. सरांचा फोन: "मग झालं की! प्रकल्प संपला." चांदी मऊ, स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावली तरी दबते, तडकत नाही. थोड्या तासांच्या चाचणीला सगळीकडे हीच वापरतात, आणि त्यात गैर काही नाही.

पण ती वितळते ९६२ अंशांना, आणि आम्ही ८०० वर आहोत. लोणी फ्रिजबाहेर ठेवून वितळलं नाही म्हणून खूश होण्यासारखं आहे हे. तीन आठवडे चालू ठेवते.

८ जुलै, सोमवार

आकडा ६ वरून ७. काही विशेष नाही. भट्टीची नळी काढली तर गार टोकाला, जिथे हात लावता येतो तिथे, आतल्या अंगाला चकचकीत ठिपके. बर्फीवरच्या वर्खासारखे. कापसाच्या बोळ्याने पुसले, बोळा करडा झाला. चांदी उडून हवेबरोबर गार टोकाला जाऊन बसली. सतरा दिवसांत डोळ्यांना दिसेल एवढी, तर साडेचार वर्षांत किती उरेल? शिवाय स्टॅकच्या कडेला, जिथे एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला हवा, तिथे दोन्ही वायू चांदीत विरघळतात, आत भेटतात आणि वाफ होते. चांदी आतून जाळीदार होते.

चांदी बाद. मिलिओमचा आकडा पहिल्या दिवशी कितीही गोड असो, त्यावर निकाल द्यायचा नाही असं ठरवलं.

१६ जुलै, मंगळवार

लँथॅनम-स्ट्रॉन्शियम कोबाल्टाइट. ९०० ला बऱ्यापैकी भाजतं, वाहकता एलएसएमच्या कितीतरी पुढे. अडचण प्रसरणाची. स्टील आणि सेल एका अंशाला दहा लाखांत ११-१२ ने वाढतात, हे २० च्या आसपास. ८०० वरून खोलीच्या तापमानाला येताना दहा सेंटीमीटरच्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. काचेवर वाळलेली माती भेगाळते तसा थर भेगाळला.

आणखी एक गोष्ट, फोटो काढून ठेवलाय. स्टीलचा चौकोन जिथे कापला होता, म्हणजे कोटिंग नव्हतं, त्या कडेला बारीक पिवळी रेघ. लिंबाच्या सालीचा पिवळा. इंटर्नला वाटलं हळद सांडली (डबा शेजारीच होता, त्यामुळे त्याची चूक नाही). ते स्ट्रॉन्शियम क्रोमेट. स्टीलमधलं क्रोमियम ओलसर हवेत वाफ होऊन निघतं आणि पेस्टमधल्या स्ट्रॉन्शियमला जाऊन चिकटतं. हेच क्रोमियम कॅथोडपर्यंत, म्हणजे सेलच्या हवेकडच्या थरापर्यंत, पोचलं की सेलचा जीव घेतं. सहासंयुजी क्रोमियम आहे, कर्करोगकारक. हातमोजे, मास्क, आणि उद्यापासून डबे या खोलीत नाहीत.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडल्यामुळे सिंहगड रोडवर एकतानगरीत घरांत पाणी शिरलंय, आमच्यातला एकजण तिथेच राहतो, त्याचं सामान वरच्या मजल्यावर चढवायला दोघं गेले. इकडे लाइट पहाटे गेली ती दुपारी आली. भट्टीत एलएसएमचा दुसरा नमुना होता, तुलनेसाठी ठेवलेला. ८०० वरून आपोआप गार, मग पुन्हा गरम.

लाइट जायच्या आधी १८ मिलिओम, आल्यावर ७०.

पेस्टवर कुणी काही केलेलं नाही. माप वर होतं तसंच होतं. फक्त एकदा गार झाली.

२९ जुलै, सोमवार

लँथॅनम निकेल-फेराइट. कागदावर मला सगळ्यांत आवडलेलं: वाहकता ५८० आणि प्रसरण ११.४, म्हणजे स्टीलशी पत्रिका जुळते. पण ९०० ला तेही खडूच. शिवाय क्रोमियम त्यातल्या निकेलला हाकलून आपण जागा घेतं. बाजूला ठेवलं.

६ ऑगस्ट, मंगळवार

चांदी सोडून तीन पेस्ट झाल्या. तिघींची गोष्ट एकच: भाजलेल्या सिरॅमिकची पूड घेऊन ती कमी उष्णतेत पुन्हा भाजायची. आधीच ऑक्साइड झालेली पूड म्हणजे जेवून तृप्त झालेला माणूस, त्याला आणखी कुणाशी देणंघेणं नसतं. वर ती भाजताना आकसते. प्लेटच्या वरंब्यांची उंची वीस-तीस मायक्रॉनने कमी-जास्त असते, सेलला किंचित बाक असतो. भरायची आहे फट, आणि आपण आकसणारी वस्तू घालतोय.

मग ऑक्साइड घालायचंच कशाला? धातूची पूड घालावी, मँगनीज आणि कोबाल्ट निम्मी-निम्मी. हवेत तापवली की ती स्वतःच ऑक्साइड होते. होताना ऑक्सिजन पोटात घेऊन फुगते, आकसत नाही. वर क्रिया चालू असताना स्वतःची उष्णता देते, म्हणजे ९०० च्या भट्टीत कणांना ९०० पेक्षा जास्त ऊब. जे तयार होतं ते मँगनीज-कोबाल्ट स्पिनेल (ऑक्साइडची एक स्फटिकरचना), आमच्या स्टीलवर कोटिंग आहे तेच. प्रसरण ११ ते १२ च्या दरम्यान. वाहकता फक्त ६० च्या आसपास, पण त्या रकान्याचं ११ जूनला मी काय ते लिहून ठेवलंय.

ही युक्ती माझी नव्हे, या क्षेत्रात माहीत असलेली आहे. मी उशिरा वळले एवढंच.

सरांचा आक्षेप कोबाल्टवर, किंमत आणि काँगो. जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट त्या एका देशातून येतं. रास्त आहे. तांबं-मँगनीजचं स्पिनेल वाहकतेत याच्याही पुढे, २०० च्या वर. त्याची पाळी नंतर.

१३ ऑगस्ट, मंगळवार

मँगनीजची बारीक पूड पेट घेऊ शकते. आयसोप्रोपाइलमध्ये भिजवून, नायट्रोजन भरून मिलमध्ये दळली. बरणी लगेच उघडली नाही, तासभर थांबले, तरी झाकण कोमट होतं. बिनधास्त उघडून बघणाऱ्यांनी हे काम करू नये.

आधी नुसती पूड होडीसारख्या छोट्या भांड्यात ठेवून वजन तपासलं. हिशेबाने १ ग्रॅम धातूचा १.३७५ ग्रॅम ऑक्साइड व्हायला हवा. ९०० ला दोन तास: १.३५. रात्रभर ८०० ला: १.३७. काट्यावरचा तो आकडा बघताना जे वाटलं ते या वहीत लिहिण्यासारखं नाही, पण काकांना पेढा दिला.

आकारमान साधारण दुप्पट होतं. म्हणून पेस्ट नेहमीपेक्षा पातळ लावायची. पहिल्या नमुन्यात हे विसरले. थर फुगून कडेने बाहेर आला, गोळी तिरकी झाली, माप कलंडलं.

२० ऑगस्ट, मंगळवार

ब्रशने थर कधी ३० मायक्रॉन, कधी ८०. स्क्रीन प्रिंटिंग हवं. मशीनचं कोटेशन बघून सरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. म्हणून अप्पा बळवंत चौकाजवळ लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे गेले. वरंब्यांच्या मापाची पट्ट्यापट्ट्यांची स्क्रीन त्याने दोन दिवसांत करून दिली. पेस्टचा नमुना दाखवला. पूड धरून ठेवणारा बाइंडर एथिल सेल्युलोज, टर्पिनिऑलमध्ये विरघळवलेला. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "मॅडम, फिनाइल घातलंय का यात?" बरोबर ओळखलं! फिनाइलमध्ये पाइन तेल असतं आणि त्यात मुख्य हेच टर्पिनिऑल.

शाई कशी ओढायची तेही त्यानेच शिकवलं. रबराची पट्टी उभी नाही, कलती, आणि एकाच ओढीत. परत फिरवायची नाही. माझ्या पहिल्या पाच प्रिंट पाहून तो गप्प राहिला, सहाव्याला "आता पत्रिका वाटेल" म्हणाला.

पाच जागी मोजलं: २८ ते ३३ मायक्रॉन.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती. भट्टी चालू, मी घरी. काकांनी आरतीनंतर जाऊन मँगनीज-कोबाल्टच्या सँडविचचा आकडा पाठवला: १४ मिलिओम. कालही १४.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज मिलिओम नाही, ताकद. ४४१ च्या पाच सेंटीमीटर लांब पट्ट्या, दोन-दोन जोडून प्रत्येक पेस्टच्या जोड्या केल्या, ९०० ला भाजल्या, वीस वेळा ८०० आणि १०० च्या मध्ये खालीवर केल्या. मग कटरची पाती दोघींच्या मध्ये सरकवायची. पुस्तकातली पद्धत याहून शिस्तीची आहे, चार टेकूंवर पट्टी वाकवून तडा पुढे सरकायला किती ऊर्जा लागते ते मोजतात. आमच्याकडे ते यंत्र नाही, कटर आहे.

एलएसएम: ट्रेमधून उचलताना जोडी सुटली. पाती लावायची वेळच आली नाही.

कोबाल्टाइट: पाती टेकवली, सुटली. भेगांचे तुकडे दोन्हीकडे निम्मे-निम्मे.

निकेल-फेराइट: टेबलावर हलकी टिचकी, सुटली.

मँगनीज-कोबाल्ट: पाती आत जाईना. जोर लावला तर पाती घसरून डाव्या अंगठ्याच्या मोज्याला चीर. (मोजा होता.) मग इंटर्नने पट्टी व्हाइसमध्ये धरली. वरची पट्टी वाकली, तेव्हा एका टोकाने उघडली. उघडली कुठे ते महत्त्वाचं: पेस्टच्या पोटात नाही, तर स्टील आणि त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या मध्ये. म्हणजे आता साखळीतला सर्वांत कच्चा दुवा आम्ही लावलेला थर नाही, स्टीलची स्वतःची खपली आहे.

वीस वेळा खालीवर केल्यानंतर सँडविचचा रोध १४ वरून १६.

५ ऑक्टोबर, शनिवार

एका संस्थेच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर तीन तास मिळाले. आमच्या थराच्या छेदात कण गोल आणि आतून पोकळ. चुरमुऱ्यांसारखे. धातू आतून बाहेर सरकत ऑक्सिजनला भेटतो, मागे पोकळी राहते. पण शेजारच्या चुरमुऱ्याशी मान जाड जुळलेली, एलएसएममध्ये जिथे कण नुसते टेकलेले होते. कोटिंग कुठे संपलं आणि थर कुठे सुरू झाला ते ओळखू येत नाही, एकच वस्तू झालीय. क्रोमियम कोटिंगच्या खालीच अडलेलं.

परतीच्या वाटेवर सर जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राच्या स्टॅकबद्दल बोलत होते. ऑगस्ट २००७ मध्ये ७०० अंशांवर सुरू केला, जानेवारी २०१९ मध्ये थांबवला, एक लाख तासांच्या वर. त्याला थांबवायच्या आधी जवळपास सतत गरमच ठेवला होता. मी म्हटलं, सर, त्यांच्याकडे लाइट जाणारा गुरुवार नसतो.

२३ ऑक्टोबर, बुधवार

जूनमधलेच सेल. दोन आणि चार नंबर मुद्दाम तेच. नव्या प्लेट, पत्रिकावाल्याच्या स्क्रीनने छापलेला मँगनीज-कोबाल्टचा थर. आज पाचवा सायकल (गार करून पुन्हा गरम) संपला. ४० अँपिअरला दोन आणि चार बाकीच्यांच्या बरोबरीने, सहा मिलिव्होल्टच्या पट्ट्यात. पाच नंबर वीसने कमी दाखवतोय. करंट नसतानाही कमी दाखवतो, म्हणजे कॉन्टॅक्ट नसावा. सीलची कड किंवा तारेचा स्पॉट वेल्ड. गार झाल्यावर बघायचं.

उद्या गुरुवार, सकाळी दहा ते चार लाइट नाही असा मेसेज आलाय. जूनमध्ये असता तर जनरेटर मागवला असता. यावेळी मागवलेला नाही. हायड्रोजनचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल, सेलच्या हायड्रोजनकडच्या अंगातल्या निकेलला हवा लागू नये म्हणून फॉर्मिंग गॅसचा (नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन) सिलिंडर काका हाताने उघडतील, त्यासाठी सुट्टी असून ते येणार आहेत. पंप, पंखे, भट्टी, सगळं आपोआप थांबू दे. सहावा सायकल म्हणून वहीत लिहिलाय.